संघ, महासंघ, समिती, आघाडी: एकत्र येणाऱ्यांना काय म्हणायचं?

नव्याने सचिव झालेल्या माणसाला पहिल्याच महिन्यात कळतं की कामापेक्षा कागद जास्त असतात. निवेदन, इतिवृत्त, निमंत्रणपत्रिका, वर्तमानपत्राला पाठवायची बातमी. या सगळ्यांत एक अडचण हटकून येते. चार गट, संस्था किंवा पक्ष एकत्र आले, तर त्या एकत्र येण्याला म्हणायचं काय? मराठीत शब्दांचा तोटा नाही: गट, मंडळ, संघ, संघटना, संस्था, समिती, परिषद, महासंघ, महामंडळ, युती, आघाडी. बहुतेक लोक यातला सगळ्यात भारदस्त शब्द उचलतात आणि लेटरहेड छापून मोकळे होतात. म्हणून आपल्याकडे दोन पंख्यांच्या खोलीत चालणारे 'अखिल भारतीय महासंघ' सापडतात.

शब्द निवडायला शब्दकोश फारसा उपयोगी पडत नाही. कोशात संघ म्हणजे समूह आणि मंडळ म्हणजेही समूह. त्यापेक्षा काही साधे प्रश्न क्रमाने विचारावेत. नवखे वार्ताहर, सचिव, कार्यकर्ते, मराठीत नुकतंच लिहू लागलेले, सगळ्यांना ते चालतील.

पायरी १: सभासद कोण आहेत, माणसं की संस्था?

हा प्रश्न आधी सोडवा, अर्धं काम इथेच होतं. समजायला सगळ्यात सोपं उदाहरण दुधाचं.

कोल्हापूरकडच्या गावात शेतकरी सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन जातो आणि 'डेअरीला दूध घालतो'. बोलण्यातली ही डेअरी कागदावर गावची सहकारी दूध संस्था असते. तिचे सभासद म्हणजे दूध घालणारी माणसं. अशा गावोगावच्या संस्था मिळून जिल्ह्याचा संघ होतो. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९६३ साली स्थापन झाला. लोक त्याला 'गोकुळ' या नावानेच ओळखतात. आणि असे संघ मिळून राज्याचा महासंघ होतो: महाराष्ट्र राज्य सहकारी दूध महासंघ, म्हणजे 'महानंद', स्थापना १९६७.

म्हणजे संस्थेत माणसं, संघात संस्था आणि महासंघात संघ. शेतकरी "मी संघाला दूध घालतो" म्हणतो ते बोलण्यात बरोबरच आहे. पण बातमीत "संघाचे लाखो शेतकरी सभासद" असं लिहिलं की घोटाळा होतो. संघाच्या निवडणुकीत शेतकरी थेट मत देत नाही. त्याची गावची संस्था ठराव करून आपला एक प्रतिनिधी ठरवते आणि मत तो देतो. कोल्हापुरात त्याला 'ठरावधारक' म्हणतात. निवडणूक जवळ आली की 'ठराव गोळा करणं' हा तिथे एक स्वतंत्र उद्योगच होऊन बसतो. हा एक शब्द समजला तरी संस्था आणि संघ यांतला फरक पुन्हा कुणाला विचारावा लागत नाही.

कायद्यालाही हा भेद मान्य आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये संघीय संस्थेची व्याख्या आहे: जिचे किमान पाच सभासद स्वतः सहकारी संस्था असतात आणि एकूण मतांपैकी किमान चार पंचमांश मतं त्या सभासद-संस्थांकडे असतात, अशी संस्था.

बचत गटांची उतरंडही अशीच. साधारण दहा ते वीस बायकांचा एक गट, गावातले गट मिळून ग्रामसंघ, आणि ग्रामसंघ मिळून प्रभागसंघ. 'उमेद' या बचत गटांच्या सरकारी अभियानात काम करणाऱ्या ताईंच्या तोंडी हे शब्द रोज असतात. बाहेरून येणाऱ्याने एवढंच ध्यानात ठेवावं की इथला प्रभाग म्हणजे महापालिकेचा वॉर्ड नव्हे, तो काही गावांचा समूह आहे. 'गट' शब्दाबाबत तर जास्तच सावध राहावं. खेड्यात "आमच्या गटात" असं कुणी म्हणालं तर ते बचत गटाबद्दल असेल, जिल्हा परिषदेच्या मतदारसंघाबद्दल असेल (त्यालाही गटच म्हणतात), जमिनीच्या गट नंबराबद्दल असेल, किंवा गावातल्या दोन गटांपैकी आपण कोणत्या बाजूचे हे सांगणं असेल. आगापिछा बघून ठरवायचं.

अपवाद? आहेतच. राज्यातल्या सहकारी साखर कारखान्यांची एकत्रित संस्था महासंघ म्हणवत नाही. तिचं नाव महाराष्ट्र राज्य सहकारी साखर कारखाना संघ, आणि लोकांच्या तोंडी नुसता 'साखर संघ'. पतपुरवठ्याच्या साखळीत गावची विकास सोसायटी, तिच्यावर जिल्हा मध्यवर्ती बँक आणि सर्वांत वर राज्य सहकारी बँक, तिला म्हणतात 'शिखर बँक'. शिखर हा शब्द सहकारात उगाच शोभेला येत नाही. त्या क्षेत्रात हिच्यावर राज्यात दुसरी संस्था नाही, असा त्याचा अर्थ. तेव्हा तालुक्याच्या पतसंस्थेला कौतुकाने 'शिखर संस्था' म्हणू नये.

पायरी २: एकत्र आल्यावर मूळ नावं राहतात का?

साहित्याच्या क्षेत्रातलं उदाहरण घेऊ, कारण संमेलनाच्या बातम्यांत दरवर्षी इथेच गोंधळ होतो. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ १९६१ साली स्थापन झालं. ते ज्या चार संस्थांचं मिळून झालं त्या वयाने त्याच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या: पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ची, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ १९२३चा, मुंबई मराठी साहित्य संघ १९३५चा आणि मराठवाडा साहित्य परिषद १९४३ची. दोन परिषदा, दोन संघ. महामंडळात आल्यावर एकीचंही नाव पुसलं गेलं नाही, प्रत्येकीची घटना, पदाधिकारी आणि भांडणं तिची तिच्याकडेच राहिली. महामंडळाचं कार्यालयही एका जागी बसत नाही. ठरावीक मुदतीने या चारांपैकी एकेकीकडे जातं. संमेलनाच्या बातमीत 'महामंडळ' आणि 'परिषद' ही नावं एकमेकांच्या जागी वापरणारा वार्ताहर या चारांपैकी कुणाचा ना कुणाचा तरी फोन ओढवून घेतो.

अशा जोडणीतल्या संस्थांना 'घटक संस्था' म्हणतात. घटक म्हणजे जिच्यामुळे वरची संस्था बनली ती. नंतर येऊन जोडली जाते ती 'संलग्न संस्था' किंवा 'समाविष्ट संस्था'. तिचे हक्क थोडे कमी असू शकतात, ते घटनेत बघावं. आणि 'शाखा' हे तिसरंच प्रकरण. शाखा वरच्या संस्थेनेच काढलेली असते, ती स्वतंत्रपणे कुणाला जोडली जात नाही की सोडून जात नाही. परिषदेची तालुक्यातली शाखा 'परिषदेत सामील झाली' असं लिहिणं म्हणूनच चूक.

परदेशातही हीच रीत दिसते. अमेरिका आणि कॅनडातली गावोगावची महाराष्ट्र मंडळं आपापल्या नावाने गणपती-दिवाळी करतात, आणि त्यांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झालं. इथे वरच्या संस्थेलाही मंडळच म्हणतात. मोठेपणाचं काम 'बृहन्' करतं.

'महामंडळ' शब्दाचा दुसरा चेहरा मात्र विसरू नका. एस.टी. महामंडळ ही काही मंडळांची बेरीज नाही. ते सरकारने कायद्याखाली स्थापन केलेलं आहे. राज्यात अशी महामंडळं बरीच आहेत आणि त्यांच्या अध्यक्षपदांच्या वाटपावरून दर सरकारात रुसवेफुगवे होतात. म्हणून एखादी बातमी 'महामंडळावर कोणाची वर्णी' अशी सुरू झाली, तर विषय साहित्याचा नाही हे मराठी वाचकाला लगेच उमगतं.

मूळ नाव उरत नसेल तर तिथे एकच शब्द: विलीनीकरण. तो हलक्या हाताने वापरू नये. विशेषतः राजकारणात, कारण तिथे त्याला कायद्याचं वजन आहे. पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची १९८५ साली राज्यघटनेत आली. तिच्यात तेव्हा दोन वाटा होत्या. एक तृतीयांश आमदार बाहेर पडले तर ती 'फूट' मानली जाई, दोन तृतीयांश दुसऱ्या पक्षात गेले तर 'विलीनीकरण'. २००३च्या घटनादुरुस्तीने फुटीची वाट बंद झाली, विलीनीकरणाची राहिली. म्हणून आमदारांच्या एखाद्या हालचालीला बातमीत घाईने 'विलीनीकरण' म्हणणं म्हणजे वार्ताहराने विधानसभा अध्यक्षांच्या आधीच निकाल देण्यासारखं आहे. तिथे 'वेगळी भूमिका घेतली', 'पाठिंबा दिला' असं घडलं तेवढंच लिहावं.

पायरी ३: किती दिवसांसाठी?

ठरावीक कामासाठी एकत्र आले असतील तर 'समिती'. रस्ता रुंदीकरणाविरुद्ध सगळ्या पेठांतले लोक जमले तर 'कृती समिती'. अनेक संघटनांनी एकमेकींच्या तारखा आणि मागण्या जुळवायच्या असतील तर 'समन्वय समिती'. विचारविनिमयासाठी जमले असतील तर 'परिषद'.

परिषद आणि समिती यांतला फरक मराठी माणसाला इतिहासाने शिकवलाय. संयुक्त महाराष्ट्र परिषद १९४६ साली स्थापन झाली, अध्यक्ष शंकरराव देव. तिचा भर निवेदनं, चर्चा, वाटाघाटी यांवर. मुंबईचा प्रश्न पेटल्यावर ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि तिच्यात प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे एरवी एकमेकांशी न पटणारे पक्ष एकत्र आले. समितीने १९५७ची निवडणूक लढवली आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला घाम फोडला. १ मे १९६० रोजी राज्य झालं, काम संपलं आणि घटक पक्ष आपापल्या वाटेने गेले. समिती या शब्दाकडून अपेक्षा असते ती हीच. (यातल्या 'फेडरेशन'कडेही बघून ठेवा. नाव फेडरेशन, पण तो १९४२ साली डॉ. आंबेडकरांनी स्थापन केलेला एक पक्ष होता. नावातल्या शब्दावरून रचना ओळखायला जाऊ नये.)

तरी 'समिती' दिसली की तात्पुरती असं धरू नका. पंचायत समिती आणि कृषी उत्पन्न बाजार समिती या कायमच्या आहेत. त्या कायद्याने आलेल्या. आपल्या कृती समितीशी त्यांचं नातं फक्त नावापुरतं.

पायरी ४: युती की आघाडी?

खरं सांगायचं तर अर्थाने फारसा फरक नाही. दोन्हींत पक्ष आपापलं नाव, चिन्ह आणि घटना राखून एकत्र येतात. युतीत सहसा दोघे आणि आघाडीत तिघे-चौघे, असा एक कल सांगता येतो, पण तो कुठेही मोडतो. महाराष्ट्रात फरक पडला तो वापराने. १९८९ पासून शिवसेना-भाजपची ती 'युती', आणि १९९९ पासून काँग्रेस-राष्ट्रवादीची ती 'आघाडी'. पुढे पुढे पक्षांची नावं लिहायचीही गरज उरली नाही. 'युतीचं सरकार' म्हटलं की १९९५ ते ९९. २५ सप्टेंबर २०१४ रोजी युती तुटली आणि त्याच दिवशी आघाडीही तुटली, तेव्हा मथळे करणाऱ्यांना दोन वेगळे शब्द हाताशी असल्याचा केवढा आधार वाटला असेल! २०१९ मध्ये 'महाविकास आघाडी' आली, तिच्यात शिवसेनाही होती, समोर 'महायुती'.

दिल्लीत हीच गणितं फिरतात. भाजपच्या नेतृत्वाखालची ती 'राष्ट्रीय लोकशाही आघाडी', म्हणजे मुंबईत महायुती असलेले तिथे आघाडीत असतात. म्हणून नवख्याला एकच सल्ला: एकत्र आलेले लोक स्वतःला जे म्हणवतात ते लिहा. आपल्या मनाने युतीची आघाडी करू नका. आणि शक्य तिथे पहिल्या उल्लेखात घटक पक्षांची नावं द्या, कारण गेल्या काही वर्षांत ती इतक्यांदा बदलली आहेत की वाचकाला ती माहीत असतीलच असं गृहीत धरता येत नाही.

'आघाडी'चे आणखी दोन अर्थ आडवे येतात. पक्षाच्या 'महिला आघाडी', 'युवा आघाडी' या त्या पक्षाच्याच बाजू, बाहेरचं कुणी त्यांत नसतं. ('मोर्चा'चंही असंच: रस्त्यावर निघतो तोही मोर्चा आणि पक्षाची युवा शाखा तीही मोर्चा.) आणि मतमोजणीच्या दिवशी 'आघाडीवर' म्हणजे पुढे. त्या दिवशी 'आघाडीची बारा जागांवर आघाडी' असं वाक्य कुणीतरी लिहितंच. 'आघाडी बारा जागांवर पुढे' लिहा, संपला प्रश्न.

पायरी ५: क्रियापद आणि प्रत्यय

नाव बरोबर निवडून वाक्य बिघडतं ते इथे. एका सार्वजनिक कार्यक्रमाची बातमी साधारण अशी येते:

"शहरातील सहा वाचनालयांची युती होऊन महासंघाचे गठन करण्यात आले असून सदर समितीमध्ये सर्व वाचनालयांच्या सदस्यांची नियुक्ती संपन्न झाली."

एका वाक्यात युती, महासंघ आणि समिती. नेमकं काय झालं ते देव जाणे. विचारल्यावर कळतं की पुस्तक प्रदर्शनासाठी सहा वाचनालयांनी प्रत्येकी दोन माणसं दिली. मग लिहायचं: "पुस्तक प्रदर्शनासाठी शहरातील सहा वाचनालयांनी समन्वय समिती नेमली आहे. प्रत्येक वाचनालयाचे दोन प्रतिनिधी समितीवर असतील."

'समितीवर' हा प्रत्यय बघा. नेमणूक समितीवर, मंडळावर होते. निवड संघात होते. प्रवेश पक्षात होतो. पक्ष आघाडीत सामील होतो किंवा आघाडीतून बाहेर पडतो. समिती नेमतात, सरकारी कागदात 'गठित करतात'. तिला मुदतवाढ मिळते, ती अहवाल देते. संस्था काढतात, संघटना बांधतात, मंडळ स्थापन करतात. युती होते आणि तुटते. आघाडी होते आणि तिच्यात 'बिघाडी' होते. पक्ष फुटतो, गट पडतात. संचालक मंडळ बरखास्त होतं आणि मग प्रशासक येतो. भिशी लावतात, आणि ती 'भरायची' असते. विखुरलेल्यांना कसंबसं एकत्र आणलं तर 'मोट बांधली', आणि त्या शब्दातच ती सुटण्याची शक्यता गृहीत आहे. मंत्र्याला निवेदन द्यायला गेलेले पाच-सात जण म्हणजे 'शिष्टमंडळ'. ते कायम नसतं, बंगल्याच्या फाटकातून बाहेर पडलं की संपतं.

माणसांसाठीचे शब्दही ठरलेले आहेत. सहकारी संस्थेत 'सभासद', समितीवर 'सदस्य', न्यासात 'विश्वस्त', पक्षात 'कार्यकर्ता' किंवा 'पदाधिकारी', महासंघात 'प्रतिनिधी'. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेच्या नोटिशीत फ्लॅटधारकांना 'सदस्य' आणि कमिटीवाल्यांना 'सभासद' असं उलट लिहिलेलं दिसतं. त्याने कुणाचं नुकसान होत नाही, पण ठरावाच्या वेळी मतदान कुणी करायचं यावर वाद घालायला एखाद्याला ते पुरतं.

'टोळी', 'कंपू', 'टोळकं', 'कोंडाळं' हे शब्द बातमीत घेऊ नका. त्यांत मत आधीच दिलेलं असतं. लेखात, मत देण्यासाठीच, जरूर घ्या.

पायरी ६: नाव ठरवताना आणि छापताना

आपलंच नाव ठरवायचं असेल तर नोंदणी कुठे करणार ते आधी बघा. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात. महाराष्ट्रात अशी संस्था १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही येते, म्हणून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दोन्ही नोंदण्यांबद्दल एकदमच विचारून घ्यावं. नावाच्या शेवटी 'मर्यादित' किंवा पाटीवर 'मर्या.' दिसलं की ती सहकारी संस्था किंवा कंपनी असते. वजन वाढावं म्हणून तो शब्द कुणी जोडू नये. नोंदणी झाली नसेल तर 'नियोजित' लिहा.

नुसतं 'संघ' छापणं टाळा. महाराष्ट्रात विशेषण नसलेला 'संघ' म्हणजे १९२५ साली नागपुरात स्थापन झालेला राष्ट्रीय स्वयंसेवक संघ, असंच वाचलं जातं. पत्रकार संघाच्या किंवा दूध संघाच्या बातमीतही पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव द्यावं, मग पुढे 'संघाने' चालेल. खेळाच्या पानावर मात्र संघ म्हणजे अकरा जण.

शुद्धलेखनाचा एक मुद्दा राहिला. 'समिती' आणि 'युती' सुटे लिहिताना शेवटची वेलांटी दुसरी. पण 'मंत्री', 'विधी', 'प्रतिनिधी' हे शब्द समासात आधी आले की त्यांची वेलांटी ऱ्हस्व होते: मंत्रिमंडळ, विधिमंडळ, प्रतिनिधिमंडळ. 'विद्यार्थिसंघटना' जोडून लिहिलं तर ऱ्हस्व, 'विद्यार्थी संघटना' सुटं लिहिलं तर दीर्घ. छापखान्यात लेटरहेड देण्याआधी हे एकदा तपासा. आणि अंतिम प्रूफ एकाच माणसाने वाचावं, समितीने नव्हे.